ट्विनसेटचा मॅनिफोल्ड स्वतः बसवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

इथं इंग्लंडात स्कूबा डायव्हिंग करताना सिंगल सिलिंडरवर चाळीस-पन्नास डाइव्ह झाल्या की क्लबमधलं कोणीतरी म्हणतंच, आता ट्विन बारा घे. ट्विन बारा म्हणजे १२-१२ लिटरचे दोन स्टीलचे सिलिंडर, पाठीवर शेजारी शेजारी पट्ट्यांनी बांधलेले आणि वर मॅनिफोल्डनं, म्हणजे एका आडव्या नळीनं, जोडलेले. अशा जोडीलाच ट्विनसेट म्हणतात. आपल्यातले बरेच जण पहिल्यांदा पाण्यात उतरलेत ते तारकर्लीला नाहीतर गोव्याला ग्रँड आयलंडजवळ, तिथं पाणी कोमट, ॲल्युमिनिअमचा एकच सिलिंडर आणि सगळं सामान लावून तयार, आपण फक्त पाठीवर घ्यायचं. त्यामुळे स्वतःचा सेट स्वतः बांधायची वेळ येते तेव्हा समोर दोन सिलिंडर, एक पितळी नळी, मूठभर ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि दोन पट्टे पसरलेले बघून हात थांबतो, माझाही थांबला होता. तेव्हा मला मराठीत कोणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. हे वाचून कोणी एकट्यानं गॅरेजमधे बसून सेट बांधायला घेऊ नका, पहिल्या वेळी शेजारी असा माणूस हवाच ज्यानं हे दहा वेळा केलंय, आणि ट्विनसेट वापरायचा कोर्स तर करायलाच हवा. सिलिंडरच्या तोंडात व्हॉल्व्ह बसवायचं काम मी अजूनही टेस्ट स्टेशनकडूनच, म्हणजे सिलिंडर तपासणाऱ्या वर्कशॉपकडूनच, करून घेतो, कारण हिशोब साधा आहे, पंचवीस मिलिमीटरच्या त्या भोकावर २३२ बारला (हा पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब, एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका) आतून एक टनापेक्षा जास्त जोर लागलेला असतो आणि तो धरून ठेवायला फक्त आटे असतात.

मॅनिफोल्ड नेमका कशासाठी

हिवाळ्यात इथल्या खाणीतल्या तळ्यांमधे, म्हणजे लेस्टरजवळचं स्टोनी कोव्ह घ्या, पाणी पाच-सहा अंशांवर येतं. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरची हवा श्वास घेता येईल अशा दाबावर आणणारं यंत्र, त्याची फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरला लागणारा भाग, २३२ बारची हवा एकदम खाली दहा बारच्या आसपास आणते, आणि हवा अशी प्रसरण पावली की गार पडते, आधीच गार पाणी असेल तर आतला भाग गोठून उघडाच अडकतो आणि रेग्युलेटर फसाफसा वाहायला लागतो. यालाच फ्रीफ्लो म्हणतात. सिंगल सिलिंडरवर फ्रीफ्लो झाला की वर जाण्याशिवाय फार काही हातात उरत नाही. ट्विनसेटवर तुम्ही त्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करता, दुसऱ्या बाजूच्या रेग्युलेटरवर जाता, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सिलिंडरमधली हवा त्या एका रेग्युलेटरला मिळत राहते, कारण मधली आडवी नळी दोन्ही सिलिंडर जोडून ठेवते. व्हॉल्व्ह बंद केला तरी फक्त त्या बाजूच्या रेग्युलेटरची वाट बंद होते, सिलिंडर आणि नळी यांच्यातली वाट उघडीच असते. हे पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही, पण पूर्ण मॅनिफोल्डची गंमत तिथंच आहे, त्यामुळे चित्र काढून समजून घ्या.

दोन रेग्युलेटर लावता येतील असा मॅनिफोल्ड प्रसिद्ध झाला तो कॅनडाच्या जॉर्ज बेंजामिन यांच्यामुळे, ते बहामातल्या अँड्रोस बेटाजवळच्या ब्लू होल्समधे, म्हणजे पाण्याखालच्या खोल गुहांमधे, डाइव्ह करायचे, आणि जुने लोक अजून त्याला बेंजामिन कन्व्हर्जन म्हणतात. नळीच्या मधोमध जो तिसरा नॉब असतो, आयसोलेटर, तो नंतर आला. त्याचं काम वेगळं आहे: एखादी ओ-रिंग अशा जागी फुटली जिथं बाजूचा व्हॉल्व्ह बंद करून उपयोग नाही, तर मधला नॉब बंद करून निदान अर्धी हवा वाचवायची. आज नवीन घेताना आयसोलेटरवालाच घ्या, बिनआयसोलेटरचा जुना स्वस्तात मिळाला तरी नको.

घेताना काय बघायचं

सिलिंडरची जोडी खरोखर जोडी पाहिजे, एकाच कंपनीची, एकाच मापाची, आणि टेस्टची तारीखही जवळपास एकच, नाहीतर दर वेळी एकाची तारीख संपली म्हणून अख्खा सेट खोलावा लागेल. इथं अडीच वर्षांनी आतून-बाहेरून तपासणी आणि पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे आत पाणी भरून जास्त दाबाची चाचणी, लागते. सिलिंडरच्या खांद्यावर सगळं कोरलेलं असतं ते वाचायला शिका, पाणी किती लिटर मावतं, रिकामं वजन, कामाचा दाब २३२ आणि टेस्टचा दाब ३४८ बार, म्हणजे बरोबर दीडपट.

तिथंच आट्यांचं मापही लिहिलेलं असतं आणि ते सगळ्यात आधी बघा. इथल्या सिलिंडरवर एम२५ बाय २ असतं, म्हणजे पंचवीस मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांत दोन मिलिमीटर अंतर. भारतात किंवा अमेरिकन मालात जे ॲल्युमिनिअमचे ८० क्युबिक फुटी सिलिंडर दिसतात त्यांचं तोंड पाऊण इंची असतं आणि त्याचे आटे वेगळे. घोळ असा की एम२५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची तोंडात फिरवला तर तो जातो, थोडा सैल वाटतो पण जातो, घट्टही झाल्यासारखा वाटतो, आणि दाब भरताना आटे सोडून बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो. यात माणसं गेलेली आहेत. तेव्हा कोणी भारतातून किंवा दुबईहून आणलेले सिलिंडर आणि इथला मॅनिफोल्ड अशी जोडी जमवत असेल तर आधी आटे मोजून घ्या, अंदाजानं काही करू नका.

मॅनिफोल्ड आणि पट्टे सिलिंडरच्या व्यासावर मिळतात. ट्विन बाराचे नेहमीचे उंच सिलिंडर १७१ मिलिमीटर व्यासाचे असतात, त्याला १७१ चेच पट्टे आणि १७१ चाच मॅनिफोल्ड. आखूड, जाडे सिलिंडर २०३-२०४ चे येतात, त्यांचं सामान वेगळं. बांधल्यावर दोन सिलिंडरच्या मधे साधारण दीड सेंटिमीटर फट राहते. ती फट किती असेल हे पट्ट्यांवरून ठरतं, आणि मॅनिफोल्डची नळी तेवढ्याच अंतराची असावी लागते, म्हणून दोन्ही शक्यतो एकाच ठिकाणाहून घेतलेलं बरं.

बाकी सामान म्हणजे बॅकप्लेट (पाठीवरची धातूची पाटी, जिला सेट बोल्टनं लागतो) आणि ट्विनसेटची विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी), पट्ट्यांचे आठ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, नायलॉनवाले नट, वर बॅकप्लेटसाठी विंगनट, जादाच्या ओ-रिंगा आणि ग्रीस. ग्रीसबद्दल एकच सांगतो, साधी हवा भरणार असाल तर सिलिकॉन ग्रीस चालतं, पण नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) किंवा ऑक्सिजनचं थोडंही डोक्यात असेल तर ऑक्सिजनला चालणारंच ग्रीस वापरा आणि सगळे भाग त्या हिशोबानं साफ करून घ्या, नंतर उलटं फिरता येत नाही.

बांधायला बसताना

टेस्ट स्टेशनकडून सिलिंडर आणताना दोन्हीमधे व्हॉल्व्ह बसवून, घट्ट करून आणा, पण डावा कुठला उजवा कुठला ते नीट सांगा. तुम्ही सेट पाठीवर घेतलाय अशी कल्पना करा, उजव्या खांद्यामागे जो येतो तो उजवा. दोन्ही नॉब बाहेरच्या बाजूला, रेग्युलेटर लावायची तोंडं पाठीच्या म्हणजे बॅकप्लेटच्या बाजूला, आणि नळीची भोकं एकमेकांकडे. हे जुळत नसेल तर डावा-उजवा बदललाय.

सिलिंडर पूर्ण रिकामे असले पाहिजेत. दोन्ही व्हॉल्व्ह उघडून बघा, आवाज नाही, बोटाला हवा लागत नाही, आणि तसेच उघडे ठेवूनच काम करा.

आता जाड सतरंजीवर दोन्ही आडवे ठेवा आणि खालून पट्टे आत सरकवा, सैल, इतके सैल की सिलिंडर एकमेकांपासून बोटभर लांब करता आले पाहिजेत. बोल्टचं आट्यांचं टोक बॅकप्लेटच्या बाजूला यायला पाहिजे, हे मी पहिल्यांदा उलटं केलं आणि सगळं घट्ट झाल्यावर लक्षात आलं, पुन्हा पहिल्यापासून. मग सिलिंडरच्या बुडाला रबरी बूट चढवा. स्टीलचे सिलिंडर खालून गोल असतात, बूट नीट शेवटपर्यंत बसला नसेल तर एक सिलिंडर चार-पाच मिलिमीटर उंच उभा राहतो, आणि त्या चार-पाच मिलिमीटरचा सगळा ताण वर नळीवर येतो. थोडं साबणाचं पाणी लावलं की बूट सरसर चढतो. मग दोन्ही उभे करा, सपाट जमिनीवर, टाइल्स असतील तर उत्तम, गॅरेजच्या उतरत्या फरशीवर नको.

इथून पुढचं सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं, ती डोक्यात पक्की बसवा: सिलिंडर धरून ठेवायचं काम पट्ट्यांचं आहे, नळीचं नाही. नळीनं फक्त हवा इकडून तिकडे न्यायची. नळीवर ताण असेल तर आज गळणार नाही कदाचित, पण गाडीच्या डिकीत दोनदा आपटला, बोटीवर एकदा आडवा पडला की ओ-रिंग चिमटली जाते आणि मग ती गळती नेमकी पाण्यात सुरू होते.

नळीची दोन्ही टोकं बघा. बहुतेक मॅनिफोल्डमधे प्रत्येक टोकाला ओ-रिंगा असतात ज्या व्हॉल्व्हच्या आतल्या गुळगुळीत भोकात सरकून बसतात, हवा अडवायचं काम त्यांचं, आटे फक्त नळी जागेवर धरतात. म्हणजे आटे करकचून आवळून गळती थांबत नाही, ती सवय नळाच्या फिटिंगची, इथं ती मोडायची. ओ-रिंग बोटांत फिरवून, उजेडात धरून बघा, चीर, सपाट झालेला भाग, केस, वाळूचा कण, काहीही दिसलं तर नवीन घाला, एवढ्या पैशांसाठी कंजुषी करू नका. ग्रीस इतकंच की रिंग चमकली पाहिजे, गोळे दिसता कामा नयेत. भोकाच्या आतही स्वच्छ कापड फिरवा.

मग सिलिंडर थोडे बाजूला करून नळी एका व्हॉल्व्हमधे हातानं दोन-तीन आटे लावा, दुसरा सिलिंडर गोल फिरवून त्याचं भोक नळीच्या रेषेत आणा. इथं लोक व्हॉल्व्ह फिरवायला बघतात, व्हॉल्व्ह नाही फिरवायचा, अख्खा सिलिंडर फिरवायचा. काही मॅनिफोल्डमधे एका बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे नळी एकाच दिशेनं फिरवली की दोन्ही बाजू एकदम आत येतात, तुमचा कसा आहे ते त्याच्या माहितीपत्रकात बघूनच हात लावा. दोन्ही बाजूंना आटे सारखे गेले पाहिजेत, मी फेरे मोजतो आणि तोंडानं मोठ्यानं मोजतो. एका बाजूला सहा आणि दुसरीकडे तीन असं झालं तर काढून परत. शेवटी ओ-रिंग बाहेरून जराही दिसता कामा नये. आणि हे सगळं हातानंच जायला पाहिजे, पाना लागायला लागला तर कुठंतरी रेषा चुकलीय.

आता पट्ट्यांची उंची. वरचा पट्टा साधारण जिथं सिलिंडरचा खांदा वळायला सुरुवात होते त्याच्या लगेच खाली. खालचा त्यापासून अकरा इंचावर, बोल्टच्या मधापासून मधापर्यंत, म्हणजे २८ सेंटिमीटर, कारण बॅकप्लेटची भोकं त्या अंतरावर असतात. मोजपट्टी लावायचीच, पण बॅकप्लेटच पुढ्यात धरून बोल्ट भोकांत जाताहेत का बघणं जास्त खात्रीचं.

नट आवळताना वरचा थोडा, खालचा थोडा, परत वरचा, असं आळीपाळीनं. दर दोन-तीन फेऱ्यांनी थांबा आणि नळी बोटांनी हलवून बघा, ती थोडी फिरायला पाहिजे, मोकळी लागली पाहिजे. पट्टे आवळत गेल्यावर नळी घट्ट होत गेली तर समजा पट्ट्यांमुळे सिलिंडर एकमेकांकडे किंवा लांब ओढले जाताहेत, सैल करा, नळी जुळवा, परत आवळा. सिलिंडरमधलं अंतर वर गळ्याजवळ आणि खाली बुटाजवळ मोजा, दोन्ही सारखं आलं पाहिजे. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, म्हणून बोल्टला आधी थोडं ग्रीस लावून ठेवा, माझ्या एका मित्राला शेवटी बोल्ट कापून काढावा लागला.

सगळ्यात शेवटी नळीचे लॉकनट, आणि त्याआधी आयसोलेटरच्या नॉबचा कोन ठरवा. तो मागे, थोडा वर वळलेला ठेवतात, डोक्याला लागणार नाही पण बोटांना सापडेल असा. नक्की किती हे पाठीवर घेतल्याशिवाय कळत नाही, म्हणून लॉकनट लगेच आवळून टाकू नका.

गळती बघणं

थेट २३२ भरायला देऊ नका. आधी वीस-तीस बार भरून घ्या, तिन्ही नॉब, नळीची दोन्ही टोकं, सिलिंडरची तोंडं, सगळीकडे साबणाचं पाणी लावा आणि पाच मिनिटं शांत बसून बघा. बारीक गळती लगेच दिसत नाही, आधी पांढरा फेस दाटून येतो. हे नीट गेलं की मग पूर्ण भरा आणि परत तेच. गळती दिसली तर दाब असताना पाना लावू नका, रिकामा करा आणि मग खोला.

दुसरी तपासणी बरेच जण विसरतात, आयसोलेटर खरंच बंद होतो का ही. दोन्ही बाजूंना रेग्युलेटर लावा, आयसोलेटर बंद करा, उजव्या बाजूचा रेग्युलेटर दाबून तीस-चाळीस बार सोडून द्या आणि मग डाव्या बाजूचा काटा अर्धा तास तसाच राहतो का बघा. काटा खाली आला तर आयसोलेटर आतून गळतोय, म्हणजे जेव्हा लागेल तेव्हा तो अर्धी हवा वाचवणार नाही. झालं की आयसोलेटर उघडा, सूंऽऽ असा आवाज येऊन दोन्ही बाजू समान होतील. तो आवाज लक्षात ठेवा.

आयसोलेटर उघडा आहे ना

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला विचाराल तर ट्विनसेटवरचा सगळ्यात मोठा धोका इथंच आहे.

ट्विनसेट घेऊन मला दुसराच महिना होता. एका दुकानातून सेट भरून आणला, पार्किंगमधे रेग्युलेटर लावला, गेज बघितलं, २२० बार, खूश. बाजूला बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, होता, त्यानं नेहमीच्या तपासणीत माझ्या मागं हात घालून आयसोलेटर फिरवला आणि सूंऽऽ असा आवाज आला. काटा बघता बघता १४५ वर. म्हणजे आयसोलेटर बंद होता, डावा सिलिंडर २२० भरला होता आणि उजव्यात मागच्या डाइव्हचे ७० बारच होते.

आता तो आवाज आला नसता तर काय झालं असतं बघा. माझं गेज डाव्या बाजूला, मी श्वास घेणार उजव्या बाजूच्या रेग्युलेटरमधून. उजव्यात ७० बार गुणिले १२ लिटर म्हणजे ८४० लिटर हवा. वीस मीटरवर दाब तिप्पट, मिनिटाला वीस लिटर घेणारा माणूस तिथं साठ लिटर घेतो, म्हणजे चौदा मिनिटं. आणि त्या चौदा मिनिटांत गेजचा काटा हललाच नसता, मी मनात म्हटलं असतं आज माझा श्वास काय मस्त शांत चाललाय, आणि मग एकदम हवा बंद. डाव्या बाजूला अख्खा भरलेला सिलिंडर असताना.

तर काटा हलत नाही ही आनंदाची बातमी नाही, ती धोक्याची खूण आहे. दहा मिनिटं झाली आणि काटा तिथंच असेल तर हात आधी आयसोलेटरकडे.

चूक दुकानवाल्याची होती तशीच माझीही होती, कारण सेट घेताना मी बघितलं नाही. तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो. भरायला देताना स्वतः तिन्ही नॉब बघतो आणि भरणाऱ्याला तोंडानं सांगतो की आयसोलेटर उघडा आहे, तसाच राहू दे. परत घेताना दोन्ही सिलिंडरवर हात ठेवतो, भरताना सिलिंडर गरम होतो, एक कोमट आणि एक गार लागला तर एकच भरलाय. आणि पाण्यात उतरण्याआधी नॉब उघडायच्या दिशेनं फिरवून बघतो. नायट्रॉक्स असेल तर ऑक्सिजनचं मोजमाप दोन्ही बाजूंनी वेगवेगळं घेतो, कारण आयसोलेटर बंद असताना भरलं असेल तर दोन सिलिंडरमधे दोन वेगळी मिश्रणं असू शकतात.

दिशेबद्दल: कुठलाही नॉब त्याच्या तोंडाकडून बघितला की घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवल्यावर बंद होतो. पण तो डोक्यामागे, आणि तुमचा हात उलट्या बाजूनं येतोय, त्यामुळे दिशा हमखास चुकते. घरी बसून तुमचा आयसोलेटर पूर्ण बंद ते पूर्ण उघडा किती फेऱ्यांत होतो ते मोजून ठेवा. आणि उघडायचा तो पूर्ण उघडायचा, जुन्या पद्धतीप्रमाणे पाव फेरा मागे घ्यायचा नाही, त्या पाव फेऱ्यामुळेच नंतर उघडा का बंद याचा गोंधळ होतो.

रेग्युलेटर कुठला कुठं

उजव्या बाजूला लांब होजचा मुख्य रेग्युलेटर, दोन मीटरच्या आसपासची होज, आणि विंग फुगवायची होज. डाव्या बाजूला गळ्यात रबरी दोरीवर अडकवलेला बॅकअप, गेज, आणि ड्रायसूटची (अंग कोरडं ठेवणाऱ्या, आत हवा भरायच्या सूटची) होज. याला कारण आहे. डोक्यावर छत असलेल्या जागी, बुडालेल्या जहाजाच्या आत वगैरे, नॉब वर घासले आणि तुम्ही पुढं सरकत असाल तर डावा नॉब बंदच्या दिशेनं फिरतो आणि उजवा उघडायच्या. हातात घेऊन करून बघा, लगेच पटेल. म्हणून तोंडातला रेग्युलेटर आणि विंग उजव्यावर. डावा चुकून बंद झालाच तर श्वास आणि तरंगणं दोन्ही शाबूत राहतं.

हात पोचतोय का

पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येकजण म्हणतो माझा हातच पोचत नाही. बऱ्याचदा खांदे आखडलेले नसतात, सेट खाली बसलेला असतो. पट्टे सिलिंडरवर थोडे खाली सरकवले की सिलिंडर पाठीवर वर येतात आणि नॉब डोक्याजवळ येतात, दोन-तीन सेंटिमीटरनं जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पट्टे हलवले की नळी मोकळी आहे का ते परत बघायचं. उलट डोकं मागं केल्यावर नळीवर आपटत असेल तर पट्टे वर. ड्रायसूटच्या आत जाड बंडी असेल तर तीच काखेत अडते, तो दोष मॅनिफोल्डचा नाही. तरी हात कमी पडला तर दुसऱ्या हातानं सिलिंडरचं बूड वर ढकला.

हे सगळं कोरड्यावर करा, पण बसून किंवा बाकावर टेकून, कारण भरलेला ट्विन बारा बॅकप्लेट धरून चाळीस किलोच्या वर जातो आणि उभ्यानं हात मागं घातला की पाठ धरते. आणि त्यातली सहा-साडेसहा किलो तर नुसती हवा असते, ती संपत जाईल तसे तुम्ही हलके होत जाता, वजनाचा हिशोब करताना हे धरायचं.

पहिल्यांदा पाण्यात

पहिल्या दोन-तीन डाइव्ह फक्त सरावाच्या, पाच-सहा मीटरवर, बडी समोर. उतरताना बडीला मागून नळी आणि नॉब बघायला सांगा, बुडबुडे कुठं येताहेत का. मग व्हॉल्व्ह ड्रिल. उजवा नॉब बंद करा, तोंडातला रेग्युलेटर कोरडा पडायला लागला की बॅकअप तोंडात, उजवा पूर्ण उघडा, मुख्य रेग्युलेटर परत तोंडात. मग आयसोलेटर बंद, लगेच उघडा. मग बॅकअपचं बटण दाबून हवा येतेय ना बघा, डावा बंद करून बॅकअप दाबून रिकामा करा, डावा परत उघडा. शेवटी तिन्ही नॉब हातानं उघडायच्या दिशेनं फिरवून खात्री. घाई अजिबात नको, एक नॉब पूर्ण उघडल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. खऱ्या गळतीत आधी आयसोलेटर बंद करायचा की उजवा नॉब, यावर वेगवेगळ्या संस्था वेगवेगळं शिकवतात, तुमच्या इन्स्ट्रक्टरनं जे शिकवलं तेच करा आणि बडीलाही तेच माहीत असू द्या.

समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यानं धुताना तिन्ही नॉबच्या मागं पाणी जाऊ द्या, तिथं मीठ साचून नॉब जड होतात. सिलिंडर कधीही पूर्ण रिकामे करून ठेवू नका, वीस-तीस बार आत राहू द्या म्हणजे ओल आत जात नाही.

आणि टेस्टसाठी सेट खोलायची वेळ येईल तेव्हा: आयसोलेटर उघडा, मग दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह हळूहळू उघडून रिकामं करा, एकाच बाजूनं हवा जाऊन आवाज थांबला म्हणजे दोन्ही रिकामे झाले असं धरू नका, आयसोलेटर बंद राहिला असेल तर दुसरा भरलेलाच असतो. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे उघडून, दोन्ही तोंडांवर बोट ठेवून बघा, मगच नळीच्या लॉकनटला पाना लावा.